सुगुणाबाईंचं भेव

सुगुणाबाईंना उंदरांची भीती वाटायची, आणि त्यांची सगळी नोकरी उंदरांच्या खोलीत गेली. पिंजऱ्याचं दार उघडण्याआधी त्या डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायच्या आणि मग हात आत घालायच्या. एकदा आत गेला की तो हात जराही थरथरायचा नाही. पोटुशी मादी असेल तर तिला शेपटीला धरून उचलायचं नाही, तळहातावर बसवून उचलायचं, हा त्यांचा नियम होता. बाहेर आल्यावर बेसिनपाशी उभ्या राहून त्या तीनदा साबण लावायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "अय्यो, आजचें झालें."

मी चेन्नईला आले ती लग्न होऊन. नवरा नितीन ओरगडमच्या एका कारखान्यात होता, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या. घर तांबरमला. नाशिकला मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. चार महिने घरात बसून काढल्यावर एका खाजगी संशोधन संस्थेत टेक्निशियनची जागा मिळाली. चौथ्या मजल्यावर प्रयोगशाळा, तळमजल्यावर उंदरांची खोली. प्रयोगशाळेच्या दारावर पाटी होती, डॉ. एम. सुगुणाबाई. मला वाटलं, 'बाई' कोणीतरी आदराने लावलंय. तर ते नावातच होतं, तंजावरच्या पद्धतीने.

पहिल्या दिवशी त्यांनी माझा अर्ज वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "मराठी कीं गे तूं?"

मी इतकी दचकले की हो म्हणायलाही वेळ लागला. पाच फुटांच्या आतबाहेरची बाई, पिकलेले केस, कपाळावर बारीक कुंकू, सुती साडीवर पांढरा कोट. बोलणं मात्र जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं, तीनेकशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेल्या मराठी घरांतलं. मज, तुज, नाहीं, कीं. मध्येमध्ये तमिळ शब्द, आणि वाक्याचा शेवटही तमिळसारखा वर चढणारा. माझं बोलणं ऐकून त्यांना हसू यायचं. "तुझी मराठी वर्तमानपत्रासारखी आहे गे," म्हणायच्या. घरी, पश्चिम मांबळमला, त्या आणि त्यांचे धाकटे भाऊ असे दोघंच. भावाच्या मुलांना ही भाषा कळत होती पण बोलता येत नव्हती. त्यामुळे असेल, माझ्याशी बोलताना त्या थोड्या जास्तच बोलायच्या.

त्यांची भीती काही उंदरांपुरती नव्हती. लिफ्टची भीती, म्हणून चारही मजले जिन्याने. गॅस चालू राहिला असेल याची भीती, म्हणून रोज अकरा वाजता भावाला फोन. रस्ता ओलांडायची भीती तर अशी, की जॉर्ज टाउनच्या घाऊक बाजारात बाटल्या घासायचे ब्रश आणायला गेलो तेव्हा त्यांनी माझं कोपर जे धरलं ते दुकानात शिरेपर्यंत सोडलं नाही. कोपरावर चार बोटांचे वळ उठले होते. दुकानात गेल्यावर मात्र त्यांनी एकेक ब्रश वाकवून पाहिला आणि अर्धे परत केले. दुकानदार वैतागला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

प्रयोगशाळेतल्या प्रत्येक कुपीवर त्या दोन चिठ्ठ्या लावायला लावायच्या. एक निघाली तर दुसरी असावी म्हणून. मी एकदा कंटाळून विचारलं, इतकं कशाला? त्या म्हणाल्या, "मज भेव वाटतें, म्हणून मी दोनदां पाहतें. तुज वाटत नाहीं, म्हणून तूं एकदां पाहतेस. चूक कोणाची सांपडेल, सांग."

भीतीला त्या भेव म्हणायच्या. माझ्या डोक्यात तो शब्द त्यांचाच होऊन बसला आहे.

आमचं काम गरोदरपणातल्या मधुमेहावर होतं. हाच विषय का घेतलात असं मी विचारलं होतं, काहीतरी मोठं उत्तर मिळेल या आशेने. त्या म्हणाल्या, "आधींचा प्रोजेक्ट संपला. हा रिकामा होता." काम असं होतं: माद्यांना एका औषधाने मधुमेह आणायचा, त्या गाभण राहिल्या की त्यांना मूलपेशी टोचायच्या, नाळेतून काढून वाढवलेल्या. या पेशी शरीरातलं बिघडलेलं सावरतील अशी आशा. पण रक्तात साखर फार झाली की तिथे एक प्रकारचा गंज चढतो, आणि बाहेरून आलेल्या पेशी त्या गंजात टिकत नाहीत, दोन दिवसांत मरतात. म्हणून आधी गंज कमी करणारी औषधं, म्हणजे अँटिऑक्सिडंट, आणि मग पेशी. दोन्ही मिळून द्यायचं. बाईंचं सगळं काम या 'मिळून'वर होतं.

प्रयोग संपला की माद्यांना भूल देऊन पोट उघडायचं आणि गर्भ मोजायचे. मोजायचं काम माझ्याकडे होतं. निरोगी मादीच्या पोटात ते शेंगेतल्या दाण्यांसारखे ओळीने असायचे. मधुमेही मादीच्या पोटात काही फारच मोठे, काही अगदी चिमुकले. काही जागी नुसताच काळसर डाग. तिथे एक होता आणि विरघळून गेला, असा त्याचा अर्थ. काहींचं डोकं वरून मिटलेलंच नसायचं. मी ते वहीत लिहायचे आणि दुपारी डबा खायचे. वर्षभरात मला त्याची सवय झाली होती. बाईंना झाली नव्हती. त्या दिवशी त्या जेवायच्या नाहीत.

एका डिसेंबरात तीन दिवस पाऊस लागून राहिला आणि चौथ्या दिवशी दुपारी संस्थेच्या आवारात पाणी शिरलं. लोक घरी पळाले होते. वॉचमन, मी आणि बाई, तिघंच उरलो. उंदरांची खोली तळमजल्यावर, आणि वीज गेलेली. बाई पोटरीभर पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या, "मोदल्ल गाभण्या." आधी गाभण्या. आम्ही पिंजरे वर न्यायला लागलो, चार मजले, जिन्याने. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्यांच्या पिंजऱ्याची कडी सुटली आणि एक मादी बाहेर येऊन त्यांच्या हातावरून खांद्यावर चढली, तिथून मानेवर, केसांच्या अंबाड्यापाशी. मी खालून बघत होते. बाई थांबल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ हलत होते. त्यांनी डोळे मिटले आणि तशाच पुढची पायरी चढल्या. मग त्याच्या पुढची. त्या पायऱ्या मोजत होत्या, तमिळमध्ये, पुटपुटत. वर पोचल्यावर त्यांनी पिंजरा खाली ठेवला, मादीला मानेवरून उतरवून तळहातावर घेतलं, आत ठेवलं, कडी लावली, आणि कोपऱ्यात जाऊन ओकल्या. तोंड पुसून म्हणाल्या, "किती राहिल्या खालीं?"

पुढल्या वर्षी मला दिवस गेले. बाईंना कळलं त्या दिवसापासून त्यांनी मला औषधाच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही, गर्भ मोजायचं कामही काढून घेतलं. ते त्या स्वतः करायला लागल्या, आणि आठवड्यातून दोन दिवस उपाशी राहायला लागल्या.

सहाव्या महिन्यात हॉस्पिटलात मला साखरेचं पाणी पाजलं, दोन तासांनी रक्त घेतलं. कागद हातात आला आणि त्यावरचा आकडा मी डॉक्टरांच्या आधी वाचला. डॉक्टर मला समजावत होत्या, की हे पुष्कळ जणींना होतं, आहार सांभाळू, लागलं तर इन्सुलिन देऊ, घाबरायचं कारण नाही. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे स्टीलचा ट्रे होता आणि त्यात ओळीने ठेवलेले गर्भ. इतर बायकांना घाबरवायला नुसता एक शब्द होता. माझ्याकडे वही होती, माझ्या अक्षरातली.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद बाईंपुढे ठेवला. त्या स्टुलावर बसल्या. दोनदा वाचला, पाठीमागे उलटून पाहिला. कागद धरलेला हात हलत होता. तोच हात, जो पिंजऱ्यात कधी हलायचा नाही.

"बाळ नीट असेल ना?" मी विचारलं.

त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "मज माहीत नाहीं."

हे त्यांचं नेहमीचं उत्तर होतं. संस्थेचे संचालक भर बैठकीत विचारायचे, हे औषध माणसात कधी येईल? बाई म्हणायच्या, माहीत नाही. सगळे हसायचे, संचालक सोडून. मीही हसले होते. त्या दिवशी मात्र मला त्यांचा इतका राग आला की मी उठून बाहेर गेले. माझ्या मागे जिन्यापर्यंत येऊन त्या म्हणाल्या, "मंजिरी, ऐक गे. त्या माद्यांची साखर पहिल्या दिवसापासून होती. तुझी मागून आली असावी. आणि तूं उंदीर नव्हेस." मी थांबले नाही.

रविवारी त्या तांबरमच्या घरी आल्या. लोकल, मग शेअर ऑटो, दोन रस्ते ओलांडून, एकट्या. आल्या त्या थेट स्वयंपाकघरात शिरल्या. भाताचं पातेलं कोणतं, वाटी कोणती, सगळं विचारलं. एक लहान वाटी बाजूला काढून म्हणाल्या, भात ह्या वाटीनें, अधिक नाहीं. इडलीबरोबर चटणी कमी, सांबारातली भाजी जास्त. जेवल्यावर बसायचं नाही, चालायचं. नितीनला गच्चीवर नेऊन किती फेऱ्या ते दाखवलं. तो त्यांच्यामागे मुकाट्याने चालला. जाताना मी दाराशी उभी होते. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "मजही भेव वाटतें. पण वाटी मोजून घे." धीराचं म्हणावं असं एवढंच.

साखर पूर्ण उतरेना. मला इन्सुलिन सुरू झालं. रोज सकाळी पोटाला सुई लावताना मला वाटायचं, बाळाच्या किती जवळ जातेय ही. त्याच आठवड्यात नितीनने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. शहरातलंच क्लिनिक. गरोदर मातांच्या मधुमेहासाठी मूलपेशी आणि अँटिऑक्सिडंटचा एकत्रित उपचार, सलाइनमधून. बाळ सुरक्षित, इन्सुलिनपासून सुटका. खाली एक आलेख होता, पडत जाणारी निळी रेघ. तो मी ओळखला. आमच्याच प्रयोगशाळेतला होता. संचालकांनी कुठल्याशा सभेत दाखवला होता, तिथून उचललेला. फक्त खालचा 'उंदीर' हा शब्द काढून टाकला होता.

आता हे लिहिताना मला कळतं की तेव्हाच मला राग यायला हवा होता. मला आशा वाटली. ही रेघ मी स्वतः काढली होती. ती खरी होती. त्या माद्यांची साखर खरोखर उतरली होती. मी नितीनला सांगितलं, नंबर लाव. बाईंना सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं.

पण लपवायचं मला कधी जमलं नाही. वेळ ठरली त्याच्या आदल्या दिवशी, कुप्यांना चिठ्ठ्या लावता लावता, मी एका कुपीवर चारही चिठ्ठ्या लावल्या आणि दुसरीवर एकही नाही. बाईंनी ती उचलून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "काय झालें?" मी मोबाइल पुढे केला.

त्यांनी जाहिरात वाचली. आलेखावर बोट ठेवलं. मग कपाटातून एक जाड रजिस्टर काढलं, मधलं एक पान उघडलं आणि माझ्यापुढे सरकवलं. तारखा माझ्या सुट्टीतल्या होत्या, मी नाशिकला गेले होते तेव्हाच्या. एका तुकडीला त्यांनी पेशी जरा जास्त दिल्या होत्या, सोबत औषध. साखर छान उतरलेली. आणि पुढच्या रकान्यात, बाईंच्या बारीक अक्षरात, एकेका मादीपुढे तोच शब्द. मृत. मृत. टोचल्यानंतर काही मिनिटांत. फुफ्फुसांत गुठळ्या.

"हें पान मी कोणास दाखविलें नाहीं," बाई म्हणाल्या.

"संचालकांना?"

"त्यांस दाखविलें. ते म्हणाले, पुन्हां करून पाहूं, अप्पुरम, मागाहून, सांगूं. पैसे देणाऱ्यांस अहवाल गेला तो हें पान गाळून गेला. मी सही केली."

"का केलीत?"

त्यांनी रजिस्टर मिटलं. हात त्यावरच ठेवला. "भेव," त्या म्हणाल्या. "दोन वर्षें राहिलीं होतीं नोकरीचीं. उंदीर कोण सांभाळील, पेशी कोण सांभाळील, असें मनास सांगितलें. खरें तें भेवच. ज्या ठायीं भेव धरायचें तेथें धरलें नाहीं. भलत्या ठायीं धरलें." मग विचारलं, "किती वाजतां बोलाविलें आहे तुज?"

मला जायचंच नव्हतं आता. पण त्या म्हणाल्या, तूं येऊं नको, मी जातें. एकटीने रस्ता ओलांडताना त्यांचं काय होतं हे मला माहीत होतं, म्हणून मी गेले. नितीनने रजा काढली होती, तोही आला.

क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, गार, फिकट हिरव्या भिंती, मुलांचे फोटो आणि त्यांच्यात मोठा करून लावलेला तोच आलेख. बाकांवर सात-आठ गरोदर बायका होत्या. काहींबरोबर आई, काहींबरोबर नवरा. माझ्यासारख्याच, हातात फाइल धरून बसलेल्या, कोणी कोणाशी न बोलणाऱ्या. बाई मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. रजिस्टर छातीशी धरलेलं. बोलायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. मला वाटलं, आता त्या परत फिरतील.

मग त्या तमिळमध्ये बोलायला लागल्या, इतक्या हळू की सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "त्या भिंतीवरचा आलेख माझा आहे. तो बायकांचा नाही, उंदरांचा आहे. हे औषध मी केलं. अजून कोणत्याही बाईला ते द्यावं इतकं मला त्यातलं कळत नाही. माझे काही उंदीर या औषधाने मेले. मी ते कोणाला सांगितलं नाही, तो माझा गुन्हा. म्हणून इथे आले आहे."

काउंटरवरच्या मुलीने आत फोन लावला. एक डॉक्टर बाहेर आले, तरुण, नम्र. म्हणाले, मॅडम, आपण आत बसून बोलू. बाई म्हणाल्या, नाही, इथेच. ते म्हणाले, तुमचे डोस वेगळे, आमचे वेगळे. बाई म्हणाल्या, "तुमचा डोस किती ते यांना सांगा. आणि कशावरून ठरवला तेही सांगा." डॉक्टर काउंटरवरच्या मुलीकडे वळले. बाईंनी रजिस्टर उघडून पहिल्या बाकावरच्या बाईपुढे धरलं. मग दुसऱ्या बाकावरच्या. इंग्रजीतलं ते पान कोणाला वाचता येत होतं, कोणाला नव्हतं. ज्यांना नव्हतं त्यांना त्यांनी वाचून दाखवलं, एकेक ओळ. पान फडफडत होतं. नितीनने पुढे होऊन रजिस्टर खालून धरलं.

तिघी-चौघी उठल्या. एकीचा नवरा बाईंच्या अंगावर ओरडला की शेवटच्या क्षणी येऊन का घाबरवता. बाई त्याला म्हणाल्या, तुझं बरोबर आहे, मी आधी यायला हवं होतं.

कोपऱ्यात एक बाई बसून होती, तिशीची, अंबत्तूरला एका शिवणकामाच्या कारखान्यात काम करणारी. ती उठली नाही. तिने विचारलं, "माझी तीन गेली. दोन पोटात, एक जन्मल्यावर. हे चौथं. इन्सुलिन घेतच होते, तरी गेली. हे घेऊ नको म्हणता, मग काय घेऊ ते सांगा."

बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. त्यांनी तिला मोठ्या सरकारी हॉस्पिटलचं नाव सांगितलं, तिथल्या विभागाचं सांगितलं, मी स्वतः बरोबर येते म्हणाल्या. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तिथे गेले तर हे राहील?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या क्षणी हो म्हणाल्या असत्या तर ती उठली असती. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, मा. तिथे निदान ते तुझ्यापासून काही लपवणार नाहीत."

आतून तिचा नंबर पुकारला. ती बाई उठली, पदर सारखा केला आणि आत गेली. दार लागलं. बाई त्या बाकावर तशाच बसून राहिल्या. पहारेकऱ्याने येऊन दोनदा सांगितलं तेव्हा उठल्या. जिना उतरताना त्यांनी माझं कोपर धरलं नाही. भिंत धरली.

त्या बाईचं पुढे काय झालं ते आम्हाला कधी कळलं नाही. बाई तिला शोधायला अंबत्तूरला दोनदा जाऊन आल्या. कारखान्यांच्या फाटकांवर सुट्टीच्या वेळी उभ्या राहिल्या. नावच माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात त्यांनी ते पान आणि एक पत्र संचालकांना दिलं, अहवाल ज्या पैसे देणाऱ्यांना गेला होता त्यांना दिलं, सरकारी औषध खात्यालाही पाठवलं. क्लिनिकने जाहिरात काढली. काही महिन्यांनी दुसऱ्या शब्दांत पुन्हा लावली. बाईंना संस्थेने राजीनामा द्यायला सांगितला आणि त्यांनी दिला. शेवटच्या दिवशी त्यांनी मला पेशींची शीतपेटी कशी तपासायची ते दोनदा समजावलं. 

माझी मुलगी अडतिसाव्या आठवड्यात झाली. जन्मल्यावर तासाभरात तिची साखर खाली गेली. आईच्या साखरेची सवय झालेल्या बाळांचं असं होतं. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मी टाके घातलेल्या पोटाने पडून होते आणि मला पुन्हा तो स्टीलचा ट्रे दिसत होता. बाई सकाळी आठला आल्या. बाळाच्या खोलीबाहेरच्या बाकावर दिवसभर बसून राहिल्या. दर वेळी नर्स बाळाच्या टाचेतून थेंब घेऊन बाहेर आली की त्या आकडा विचारायच्या, एका पाठकोऱ्या कागदावर लिहायच्या आणि मग माझ्या खोलीच्या दाराशी येऊन तो आकडा सांगायच्या. नुसता आकडा. चांगला की वाईट ते नाही. मला त्यांच्याकडे बघून कळायला लागलं होतं. संध्याकाळी पाचला त्या आल्या, आकडा सांगितला, आणि दाराच्या चौकटीला टेकून खाली जमिनीवरच बसल्या. नितीन पाणी आणायला धावला. तेव्हा मी समजले की मुलगी वाचली.

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि नितीनची बदली पुण्याला झाली. निघायच्या आधी त्यांना भेटायला पश्चिम मांबळमला गेले तर भाऊ म्हणाले, मंगळवार आहे, ती आरोग्य केंद्रात असेल. महापालिकेचं केंद्र दोन गल्ल्या पलीकडे होतं. मंगळवारी तिथे गरोदर बायकांची तपासणी असायची, आणि साखर निघालेल्या बायकांना बाई जमवून बसवायच्या. पगार नव्हता. कोणी बोलावलंही नव्हतं.

मी पोचले तेव्हा बायकांचं जेवण नुकतंच आटपलं होतं. व्हरांड्यात डबे धुऊन पालथे घातले होते. बाईंनी मला पाहिलं, मुलीला पाहिलं. तिला घेतलं नाही, नाकाला रुमाल लावला. "मज सर्दी आहे," म्हणाल्या. पण बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. मुलगी त्यांच्या चष्म्याकडे हात नेत होती.

"आम्ही पुण्याला चाललो," मी सांगितलं.

"सरी," त्या म्हणाल्या, म्हणजे बरं. "तुझी साखर वर्षावर्षानें पाहा. विसरूं नको." मग घड्याळाकडे बघितलं. "मी आतां थांबूं शकत नाहीं गे. ह्यांस चालवायचें आहे."

पुण्याला आल्यावर वर्षभराने त्यांच्या भावाचा फोन आला. दुपारी जेवून निजल्या त्या उठल्या नाहीत. फोन ठेवला आणि मला आरोग्य केंद्राचं ते आवार दिसलं, निरोप घेतला त्या दुपारचं.

आवाराच्या मधोमध पाण्याची मोठी सिमेंटची टाकी होती. बाई पुढे झाल्या आणि त्यांच्यामागे नऊ-दहा बायका, एकीमागे एक, टाकीभोवती चालायला लागल्या. दुपारचं ऊन होतं. कोणी पदर डोक्यावरून घेतला होता, कोणी एक हात कमरेवर ठेवला होता. कोणी बोलत नव्हतं. नुसत्या चपला वाजत होत्या. मी थोडा वेळ उभी राहिले आणि बाहेर येऊन रिक्षात बसले. फाटकातून पाहिलं तेव्हा सगळी रांग टाकीमागे गेली होती आणि आवार रिकामं दिसत होतं. मी रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. मग टाकीच्या दुसऱ्या बाजूने बाई बाहेर आल्या, मान खाली, मनगटावरचं घड्याळ बघत, आणि त्यांच्यामागून एकेक करत त्या सगळ्या जणी.